बेळगाव, ऑक्टोबर १८९२: एका परिव्राजकाचा बारा दिवसांचा मुक्काम

बेळगावच्या रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या दारात सकाळी सहाच्या सुमाराला एक संन्यासी येऊन उभा राहिला. वय एकोणतीस. जवळ एक चिठ्ठी होती. ती कोल्हापूर दरबारचे खाजगी कारभारी गोळवलकर यांनी दिलेली, आणि गोळवलकर हे भाट्यांचे घनिष्ठ स्नेही. तारीख साधारण १५ ऑक्टोबर १८९२. अकरा महिन्यांनी, ११ सप्टेंबर १८९३ ला, हाच संन्यासी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत उभा राहणार होता. पण त्या सकाळी भाट्यांच्या घरात कुणालाही याची कल्पना नव्हती. स्वामी विवेकानंद हे नाव तेव्हा बेळगावात कुणी ऐकलेले नव्हते.

याच मुक्कामाबद्दल लिहिण्याचे कारण असे की त्याच्या दोन स्वतंत्र आठवणी उपलब्ध आहेत: एक यजमान भाट्यांच्या मुलाची (तो तेव्हा शिकत होता, पुढे प्राध्यापक झाला), दुसरी वनखात्यातले उपविभागीय अधिकारी हरिपद मित्र (मित्र हे त्यांचे बंगाली आडनाव) यांची. दोघांनीही नंतर, स्वामीजी जगप्रसिद्ध झाल्यावर लिहिले. त्यामुळे संवादातला शब्द न् शब्द प्रमाण मानता येत नाही. पण जेवणखाण, कपडे, कोण आले, कोण चिडले, मुक्काम कसा हलला, असे तपशील दोघेही प्रामाणिकपणे देतात. आपला सुरुवातीचा संशयसुद्धा लपवत नाहीत. लहान गावात फिरत्या संन्याशाचा उपदेश ज्या गोष्टींवर उभा राहतो किंवा कोसळतो, त्या सगळ्या या बारा दिवसांत दिसतात. आणि त्या बहुतेक यजमानाच्या घरातल्या आहेत.

चिठ्ठी

परिव्राजक गावोगाव फिरतो म्हणजे वाट फुटेल तिकडे जातो असा समज असतो. प्रत्यक्षात एका गावचा माणूस पुढच्या गावच्या माणसाला लिहितो आणि त्या धाग्यावर प्रवास चालतो. भावनगरच्या ठाकूरसाहेबांचे पत्र कोल्हापूर दरबाराला, कोल्हापूरच्या खाजगी कारभाऱ्यांची चिठ्ठी बेळगावच्या वकिलाला, बेळगावच्या डॉ. शिरगावकरांचा शब्द मडगावच्या सुब्राय नायकांना. पत्र देणारा आपली अब्रू पणाला लावतो, म्हणून घेणारा दार उघडतो.

चिठ्ठी नसली तर नशिबाचा खेळ. पुण्याचा मुक्काम असाच घडला. सप्टेंबर १८९२ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर स्वामीजी ज्या डब्यात चढले त्याच डब्यात टिळक होते. पोचवायला आलेल्या मंडळींनी ओळख करून दिली आणि पुण्यात टिळकांकडे आठ-दहा दिवस राहणे झाले. नाव विचारले तर आपण एक संन्यासी आहोत एवढेच उत्तर. टिळकांनी ते चालवून घेतले. सगळीकडे असे होत नव्हते. चोर आणि साधूंना इथे थारा नाही असे सुनावून हाकलून दिल्याचे, गुप्त पोलिसांनी पाळत ठेवल्याचे अनुभव स्वामीजींनी स्वतः हरिपद मित्रांना सांगितले होते.

मात्र चिठ्ठीत एक उणीव हमखास राहते. माणूस विश्वासाचा आहे एवढे ती सांगते. तो काय खातो, कोणती भाषा बोलतो, किती दिवस राहील, हे सांगत नाही. भाट्यांच्या घरात पहिल्या दोन दिवसांत जो अवघडलेपणा आला तो बराचसा यातून आला. आजही एखाद्या तालुक्याच्या गावी महाराज येणार असले की फोनवर सगळे ठरते आणि नेमके हेच विचारायचे राहते. यजमानाच्या घरातल्या बाईला पाहुणा दारात उभा राहीपर्यंत पथ्य माहीत नसते.

सामान आणि वेष

भाट्यांच्या मुलाने सामानाची नोंद बारकाईने केली आहे: एक कमंडलू, खिशात मावेल अशी गीतेची प्रत, आणखी एक-दोन पुस्तके. दंडाऐवजी फिरायला जाताना घेतात तशी लांब काठी. अंगात भगवे, पण उघड्या अंगाने बसण्याऐवजी आत बनियन. हरिपद मित्रांनी पाहिले तेव्हा डोक्याला भगवा फेटा, गुळगुळीत दाढी केलेला चेहरा, पायांत मराठी वहाणा.

इतके कमी सामान ठेवायला शिस्त लागते, कारण प्रत्येक गावात लोक काहीतरी देतातच. कोल्हापूरच्या राणीसाहेबांनी खूप आग्रह केला तेव्हा दोन भगवी वस्त्रे घेतली आणि अंगावरची जुनी तिथेच सोडली. संन्याशाजवळ ओझे जितके कमी तितके बरे, हा हिशेब. नवे घेताना जुने टाकायचे हा नियम मोडला की दहाव्या गावापर्यंत गाठोडे होते, गाठोड्याला गडी लागतो, गड्याला पैसा लागतो, आणि पैसा आला की संन्यासी कुणाच्या तरी ताब्यात जातो. अनेक चांगल्या फिरत्या साधूंचे फिरणे असेच थांबले आहे.

पंगत: जिथे गाडी अडली

मराठी मुलखातल्या ब्राह्मण घराच्या डोळ्यांसमोर संन्यासी म्हणजे दंडी स्वामी. मुंडण केलेले डोके, हातात दंड, मितभाषी, जन्माने ब्राह्मण, दिवसातून एकदाच जेवणारा. आलेला पाहुणा इंग्रजीतून गप्पा मारणारा. जेवण झाल्यावर त्याने पानसुपारी मागितली. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खायचा तंबाखू मागितला. शिवाय आपण ब्राह्मण नाही हे त्याने स्वतःच सांगून टाकले. घरात किती खळबळ उडाली असेल याची कल्पना मुलाने मोकळेपणाने लिहिलेल्या ओळींवरून येते: संन्यासी म्हणवतो आणि गृहस्थाला लागते तेच याला लागते.

पाहुण्याने काय केले? पान-तंबाखू सोडून दाखवला नाही आणि त्याचे धार्मिक समर्थनही केले नाही. आपण कलकत्त्याच्या कॉलेजात शिकलेला तरुण होतो, रामकृष्ण परमहंसांची भेट होण्याआधीचे आयुष्य वेगळे होते, त्यातल्या बहुतेक सवयी गेल्या, ही एक-दोन निरुपद्रवी म्हणून राहिली, असे सरळ सांगितले. शाकाहारी आहात का, यावर उत्तर असे की आपण परमहंस पंथातले. या पंथात जे पुढे येईल ते खायचे आणि काही आले नाही तर उपाशी राहायचे. अहिंदूच्या हातचे चालते का? मुसलमानांच्या घरचे अन्न आपण अनेकदा घेतले आहे.

या उत्तराला शास्त्राचा आधार आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. संन्याशांचे कुटीचक, बहूदक, हंस आणि परमहंस असे चार प्रकार सांगितले आहेत. कुटीचक घराच्या आसपास राहून भिक्षा घेतो, बहूदक तीर्थोतीर्थी फिरतो. चढत्या क्रमाने बाहेरची बंधने कमी होत जातात आणि परमहंसाला अन्न देणाऱ्याची जात पाहायची नसते. म्हणजे भाट्यांच्या घरातला घोळ धर्म मोडल्याचा नव्हताच. एका प्रकारच्या संन्याशाची फूटपट्टी दुसऱ्याला लावली जात होती. पण हे संन्याशाने विचारल्यावर शांतपणे समजावून सांगितले म्हणून निभावले. लपवून तंबाखू खाल्ला असता आणि तिसऱ्या दिवशी तो सापडला असता, तर पुढची एकही बैठक झाली नसती.

खाण्याचा आणखी एक तपशील मित्रांनी दिला आहे. एकदा स्वामीजी नुसत्या तिखट मिरच्या खाताना दिसले. विचारले तेव्हा म्हणाले की भटकणाऱ्याला गावोगावचे पाणी प्यावे लागते आणि ते बाधते. त्यावर उतारा म्हणून पुष्कळ साधू गांजा-चरस ओढतात, मी मिरच्या खातो. मिरचीने पाणी शुद्ध होत नाही हे आज आपल्याला ठाऊक आहे, पण दुखणे खरे होते. फिरत्या साधूचा घात उपासापेक्षा पाण्याने अधिक होतो. आजच्या यजमानाने पंचपक्वान्नांआधी उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या भरून ठेवावा, आणि पहिल्या दिवशी पाहुण्याला गोडधोडाऐवजी वरणभात वाढावा.

बैठक

दोन-तीन दिवसांत गावात बातमी पसरली आणि भाट्यांच्या घरी माणसे जमू लागली: वकील, पंडित, सरकारी अधिकारी, गावातली जाणती मंडळी. या मुक्कामात व्यासपीठ, अध्यक्ष, हार-तुरे यांचा उल्लेख नाही. प्रश्न विचारायचा, उत्तर मिळायचे. मित्र पहिल्यांदा त्या बैठकीत गेले तेव्हा कुणी इंग्रजीत, कुणी हिंदीत, कुणी संस्कृतात विचारत होते आणि ज्या भाषेत प्रश्न त्या भाषेत उत्तर, क्षणाचा विलंब नाही. कुणी इंग्रज शास्त्रज्ञ हक्स्लेचे तत्त्वज्ञान पुढे करत होते. त्यालाही कधी विनोदाने, कधी गंभीरपणे उत्तर मिळत होते.

इथे एक मर्यादाही दिसते. स्वामीजींना मराठी आणि कानडी बोलता येत नव्हते. बेळगावात या दोनच भाषा घराघरांत. म्हणजे या बैठकीचा पूर्ण लाभ इंग्रजी, हिंदी किंवा संस्कृत जाणणाऱ्या पुरुषांना झाला. भाट्यांच्या स्वयंपाकघरात ज्या बायका त्या सगळ्या माणसांचे चहापाणी पाहत असतील त्यांच्यापर्यंत यातले थोडेच पोचले असणार. दुभाष्या बसवणे ही साधी सोय आहे, आणि परप्रांतीय संन्यासी येतो तेव्हा आजही ती करायची राहून जाते. दर चार-पाच वाक्यांनी थांबणारा, स्वतःची भर न घालणारा एक माणूस पुरतो.

बैठकीत नेहमी येणाऱ्यांत एक एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते, गावातले सर्वांत बहुश्रुत गृहस्थ. बाहेरून सनातनी, आतून पक्के संशयवादी. धर्म म्हणजे रूढीने चालत आलेल्या समजुतींचा संच, असे त्यांचे मत. वादात स्वामीजींपुढे टिकाव लागेना तेव्हा ते उर्मटपणावर आले. भाटे वकिलांना ते सहन झाले नाही. त्यांनी त्या गृहस्थांना टोकले. तेव्हा स्वामीजी हसून मध्ये पडले: मला काही त्रास झालेला नाही. पुढे त्यांनी घोडा शिकवणाऱ्याचे उदाहरण दिले. नवे शिंगरू माणसाळवणारा आधी फक्त त्याच्या पाठीवर बसायचे बघतो. एकदा मांड बसली की ती टिकवायची, एवढेच त्याचे काम.

लहान गावात प्रवचन करणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण मनात ठेवण्यासारखे आहे. प्रत्येक गावात असा एक इंजिनिअर असतो. त्याला चारचौघांत हरवले तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि त्याच्या शब्दाला मान देणारी दहा माणसेही येत नाहीत. यजमानाने संन्याशाची बाजू घेऊन भांडणे तर आणखी वाईट, कारण मग ते भांडण गावातले होते आणि संन्यासी गेल्यावरही धुमसत राहते. भाट्यांच्या मुलाने एक निरीक्षण नोंदवले आहे: वादात सरशी स्वामीजींचीच होई, पण त्यांना जिंकण्यापेक्षा एक जाणीव जागी करायची होती. हिंदू धर्म मरणपंथाला लागलेला नाही हे देशाला आणि जगाला दाखवून देण्याची वेळ आली आहे, ही ती जाणीव. वेदांत ही एका संप्रदायाची मालमत्ता समजली गेली याची त्यांना खंत होती.

याच घरातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. हा मुलगा तेव्हा पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करत होता. आठ अध्याय, जवळजवळ चार हजार सूत्रे. जुन्या पाठशाळेच्या पद्धतीने घोकायची. स्वामीजींनी त्याला म्हणायला सांगितले. तो अडखळला, चुकला. स्वामीजी हसत हसत चूक सुधारत गेले. ज्या सूत्रांवर पोराने घाम गाळला होता ती पाहुण्याला त्याच्याहून पक्की होती. तंबाखूमुळे घरात उठलेली शंका विरायला एखाद्या प्रवचनापेक्षा हे अधिक उपयोगी पडले असणार. परंपरा खऱ्या अर्थाने कुणी आत्मसात केली आहे हे अशा घराला लगेच कळते, कारण तिथे त्याची पारख करणारे कान असतात.

यजमान बदलताना

१८ ऑक्टोबरच्या संध्याकाळी भाटे स्वामीजींना हरिपद मित्रांकडे घेऊन गेले. गावात एक बंगाली गृहस्थ आहेत, भेट व्हावी, एवढाच हेतू. मित्रांचा साधूंवर विश्वास नव्हता. हा काहीतरी मागायला आला असेल किंवा मराठी घरचे जेवण मानवत नसेल म्हणून इथे राहायला बघत असेल, असे त्यांच्या मनात आले. बोलणे सुरू झाले आणि थोड्याच वेळात मित्रच आग्रह करू लागले: माझ्याकडे राहा.

स्वामीजींनी लगेच होकार दिला नाही. हे मराठी गृहस्थ मला फार प्रेमाने वागवतात. बंगाली दिसताच मी उठून गेलो तर त्यांना वाईट वाटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी फराळाला यायचे तेवढे ठरले. सकाळी मित्र वाट बघत बसले, कुणी आले नाही. शेवटी ते स्वतः भाट्यांकडे गेले तर तिथे बैठक भरलेली. इतक्या लोकांना दुखवून उठता आले नाही, म्हणून स्वामीजींनी क्षमा मागितली. मुक्काम हलवण्याबद्दल पुन्हा विचारले तेव्हा म्हणाले, यजमानांची समजूत काढा, माझी हरकत नाही. मित्रांनी भाट्यांची परवानगी मिळवली आणि १९ तारखेला मुक्काम किल्ल्यात मित्रांकडे हलला. दुसऱ्या दिवशी आश्विन अमावास्या होती, म्हणजे घरोघरी दिवाळी.

नव्या यजमानाने जुन्या यजमानाची परवानगी काढायची, संन्याशाने मध्ये पडायचे नाही, हा क्रम बरोबर आहे. उलट घडते तेव्हा काय होते ते गावोगावच्या भक्तमंडळांत पाहायला मिळते. महाराज कुणाकडे उतरले यावरून दोन घरांचे बोलणे वर्षानुवर्षे बंद असते, आणि त्याचा दोष बहुतेक वेळा महाराजांच्या एका उतावळ्या होकाराला असतो.

किल्ल्यातले नऊ दिवस

आता शिकवणीचे रूप बदलले. भाट्यांकडे गाव होते. इथे मुख्यतः एक माणूस, त्याची पत्नी आणि त्यांचे रोजचे आयुष्य.

मित्र नोकरीत कातावलेले होते. वरिष्ठ चार शब्द बोलले की मनात आग. स्वामीजींनी विचारले ते साधेच: ही नोकरी पैशासाठी पत्करली ना? पैसा मिळतो ना? मग रात्रंदिवस बंधन बंधन म्हणून का कुढायचे. कुणी बांधून ठेवलेले नाही, राजीनामा द्यायला मोकळे आहात. आणि आपण वरिष्ठांबद्दल मनात जे धरतो तेच त्यांच्या वागण्यात उमटते. मित्र लिहितात की त्यानंतर दोष काढण्याची त्यांची सवय हळूहळू सुटू लागली.

मित्रांना औषधांचेही वेड होते. त्यावर सल्ला असा की अंथरुणाला खिळाल एवढे दुखणे झाले तरच औषध घ्या. अशा अशक्तपणाच्या तक्रारींपैकी बहुतेक मनाच्या असतात. हा सल्ला त्या एका माणसाला, त्याच्यासोबत राहून, त्याचे जेवण-झोप पाहून दिलेला होता. हाच भर सभेत पाचशे लोकांना दिला तर त्यातल्या मधुमेहाच्या रुग्णाचा जीव धोक्यात येईल. व्यक्तीला दिलेला उपदेश उचलून सर्वांना लावणे ही फिरत्या प्रवचनकारांची नेहमीची चूक, आणि त्यांच्या शिष्यांची तर त्याहून अधिक.

गीताही तशीच. मित्रांनी ती पूर्वी वाचायला घेतली होती आणि रोजच्या जगण्याला उपयोगी असे तिच्यात काही नाही म्हणून ठेवून दिली होती. स्वामीजींनी थोडा भाग समजावला तेव्हा ती ऑफिसच्या टेबलापर्यंत आली.

दोन-तीन दिवसांनी स्वामीजी निघायचे म्हणू लागले. संन्याशाने शहरात तीन दिवसांहून आणि खेड्यात एका दिवसाहून जास्त राहू नये. राहिला की माया जडते. मित्रांच्या आग्रहाखातर ते आणखी थांबले. या नियमाला अपवाद चातुर्मास, तेव्हा उलट एका जागी राहायचे असते. चार महिन्यांचा चातुर्मास धरला तर तो कार्तिकी एकादशीपर्यंत चालतो, म्हणजे हा सगळा प्रवास चातुर्मासात पडतो. पण शंकराचार्यांच्या परंपरेतले अनेक दशनामी संन्यासी चार पक्षांचाच (दोन महिन्यांचा) चातुर्मास पाळतात आणि तो भाद्रपद पौर्णिमेला संपतो. तीन दिवसांच्या नियमाचा व्यवहारातला उपयोग यजमानाच्या बाजूनेही आहे. तीन दिवस पाहुणचार आनंदाने होतो, चौथ्या दिवसापासून घराला ओढ बसते. मुक्काम दोन घरांत वाटला गेला म्हणूनच बेळगावचे बारा दिवस कुणाला जड गेले नाहीत.

त्याच आठवड्यात एस. महादेव अँड सन या छायाचित्रकारांकडे स्वामीजींचा फोटो काढला गेला. नाही नाही म्हणत होते, मित्रांनी ऐकले नाही. आजही तो पाहायला मिळतो.

अमेरिकेला जायचा विचार स्वामीजींनी बोलून दाखवला तेव्हा मित्रांनी वर्गणी गोळा करण्याची तयारी दाखवली. स्वामीजींनी नकार दिला. पैशाला हात न लावण्याचे त्यांचे तेव्हा व्रत होते. अशा संन्याशाला मदत करायची तर रोख देऊ नये. पुढच्या गावचे तिकीट काढून द्यावे. त्याने संन्याशाचे व्रत राहते आणि दिलेला पैसा कुठे गेला हा प्रश्नही उरत नाही. निघण्यापूर्वी मित्र आणि त्यांच्या पत्नी इंदुमती या दोघांना दीक्षा मिळाली.

२७ ऑक्टोबरला मित्रांनी मुरगावचे सेकंड क्लासचे तिकीट काढले, स्वामीजींना डब्यात बसवले आणि फलाटावर साष्टांग नमस्कार घातला. आजवर कुणाला मनापासून नमस्कार केला नव्हता, आज केला, असे त्यांनी स्वामीजींना सांगितले. मडगावला पोचल्यावर पत्र आले: सुखरूप पोचलो, पणजी आणि आसपासची काही गावे, देवळे पाहिली. पुढच्या वर्षी २८ डिसेंबरला आणखी एक पत्र आले, शिकागोहून. त्यात तिथल्या स्त्रियांच्या कर्तबगारीबद्दल भरभरून लिहिले होते.